फुगडी, काला आणि भाकरी

आषाढ जवळ आला की आमच्या घरात एक गोष्ट हमखास निघते. आजीची, म्हणजे आईच्या आईची. आम्हा भावंडांना ती तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे, पण सलग अशी कुणी लिहून ठेवलेली नाही. यंदा मावशी म्हणाली, "तू काहीबाही लिहीत असतेस ना, मग हे लिही की एकदा." म्हणून बसले. आणि बसल्यावर लक्षात आलं की आजीची गोष्ट सांगायची तर वारीची गोष्ट सांगावी लागते, आणि वारीची सांगायची तर सातशे वर्षं मागं जावं लागतं. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे.

आजीचं सासर लोणंदच्या पुढं, पालखीच्या वाटेवरचं. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडते, पादुकांना नीरास्नान होतं आणि सोहळा लोणंदला येतो. त्यामुळे त्या घराला वारी नवी नव्हती. दरवर्षी पडवीत वारकरी उतरायचे, मोठ्या पातेल्यात पिठलं रटरटायचं, भाकऱ्यांची चळत लागायची. घर मात्र कडक सोवळ्याचं. वारकऱ्यांना पोटभर वाढायचं, वाकून त्यांच्या पाया पडायचं, आणि ते गेल्यावर पडवी शेणानं सारवून घ्यायची. यात काही विसंगत आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नसे. आजीलाही नाही.

१९५६ साली आजी पहिल्यांदा स्वतः वारीला निघाली, सासूबाईंबरोबर. म्हणजे माझ्या पणजीबरोबर. वय असेल तिशीच्या आतबाहेर. गावच्या दिंडीतून जायचं, पण स्वयंपाक वेगळा. तीन दगड मांडायचे, सरपण गोळा करायचं, दोघींपुरतं शिजवायचं. दिंडीत चालायचं सगळ्यांबरोबर, जेवायचं मात्र आडोशाला.

चालता चालता आजीची एका बाईशी गट्टी जमली. ती दुसऱ्या दिंडीतली, डोक्यावर तुळस घेऊन चालणारी, आजीच्याच वयाची. वेळापूरहून भंडीशेगावला जाताना वाटेत तोंडले-बोंडलेचा विसावा लागतो. तिथं दोघींनी फुगडी घातली. आजी सांगायची, "अशी फुगडी मी माहेरीसुद्धा घातली नव्हती गं. डोळे मिटले, आभाळ गरगर फिरलं, आणि वाटलं, आता पंढरपूर नाही दिसलं तरी चालेल." नव्वदीच्या दशकात, म्हणजे आजी पार थकल्यावरही, हे सांगताना तिचे हात आपोआप पुढं यायचे, फुगडीसाठी धरावेत तसे.

त्याच रात्री भंडीशेगावच्या तळावर धो धो पाऊस आला. सरपण भिजलं, चूल पेटेना, पीठ ओलं झालं. सासूबाईंनी उपास जाहीर करून टाकला. तेवढ्यात ती बाई डोक्यावर पोतं घेऊन भिजत आली. फडक्यात दोन भाकरी आणि वर चटणीचा गोळा. म्हणाली, "माऊली, उपाशी नका निजू."

आजी म्हणाली, "नको."

एवढंच. ती बाई क्षणभर उभी राहिली आणि आली तशी निघून गेली. दुसऱ्या दिवशी वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, लाखांची गर्दी होते, त्यात ती पुन्हा दिसली नाही.

आजीचं म्हणणं असं, "फुगडीला हात धरले, तेव्हा तिची जात मला बोचली नाही. आणि भाकरी द्यायला तोच हात पुढं आला तर मी नको म्हटलं. विठोबाच्या समोर उभी राहिले तरी मला त्या फडक्यातल्या भाकरीच दिसत होत्या." त्या बाईची जात आजीनं विचारली नव्हतीच. नेसण्यावरून, बोलण्यावरून मनाशीच ठरवली होती. गंमत म्हणजे नावही विचारलं नव्हतं. वारीत सगळे एकमेकांना 'माऊली' म्हणतात, तेव्हा नावाची गरजच पडली नाही. आणि म्हणूनच पुढं कधी शोधता आलं नाही.

मोठी झाल्यावर मला प्रश्न पडायचा, की जिथं लहानथोर, बाया-पुरुष, सगळे बेधडक एकमेकांच्या पायाला हात लावतात, तिथं भाकरीच तेवढी कशी अडली? मग मी मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते असं.

वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीची, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. त्यांच्या आणि नामदेवांच्या काळात पंढरपूरच्या वाळवंटात जी माणसं जमली त्यांची नुसती यादी पाहिली तरी थक्क व्हायला होतं. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, जनाबाई दासी, चोखोबा महार. प्रत्येकानं अभंगात स्वतःच्या धंद्याची हत्यारं आणली. मडकं, मळा, आरसा, जातं. त्या काळी देवाशी बोलायला संस्कृत लागायचं. ही माणसं त्याच्याशी आपल्या ओट्यावरच्या भाषेत बोलली, आणि एकमेकांसमोर बोलली. भक्तीतला आनंद एकट्यानं कोपऱ्यात बसून घ्यायचा नसतो, तो टाळ वाजवून दहा जणांत घ्यायचा असतो, हे वारकऱ्यांचं सगळ्यात मोठं देणं असं मला वाटतं.

पण यादीतलं शेवटचं नाव पाहा. चोखोबा वाळवंटात सगळ्यांबरोबर नाचले, देवळात मात्र त्यांना जाता आलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते मजुरांबरोबर गेले. कथा अशी की नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून पाहिली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही नामदेव पायरीशी वाकलं की समोर ती समाधी आहे. मेल्यावरसुद्धा दाराच्या बाहेर. त्यांची बायको सोयराबाई आणि मुलगा कर्ममेळा यांचे अभंग वाचले तर कळतं की या घरानं विठोबावर प्रेम केलं आणि त्याच्याशी भांडणही केलं. कर्ममेळ्याचं भांडण तर फारच कडक आहे.

आता पालखीकडे येऊ. संतांच्या पादुका पालखीत ठेवून न्यायची पद्धत सुरू केली तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी, १६८५ मध्ये. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन ज्ञानोबांच्या घ्यायच्या आणि एकाच पालखीतून पंढरीला जायचं. 'ज्ञानबा-तुकाराम' हा जोडगजर आपल्या कानात बसलाय, त्यामागं ही एक पालखी आहे. पुढं एकोणिसाव्या शतकात दोन्ही पालख्या वेगळ्या झाल्या.

माऊलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी. हे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना पकडलं, सुटका झाली ती माऊलींच्या कृपेनं अशी त्यांची श्रद्धा बसली, आणि ते आळंदीला येऊन राहिले ते कायमचे. गडी फौजेतला, त्यामुळे सोहळ्याला फौजेची शिस्त आली. दिंड्यांचे क्रम, चोपदार, तळ, तंबू, घोडे. बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आजही सोहळ्यात चालतात. आळंदीला देवळाच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. पंढरपूरला नामदेवांची पायरी, आळंदीला हैबतबाबांची. आपल्याकडे मोठ्या माणसांना उंबऱ्याखाली राहण्याची फार हौस!

या शिस्तीतली एक गोष्ट मला फार आवडते. संध्याकाळी तळावर पोचल्यावर समाजआरती होते. हजारो टाळ-मृदंगांचा कल्लोळ चालू असतो, चोपदार हातातला चोप उंच करतात आणि क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवणं थांबवत नाही. सगळं शांत, आणि एकाच कोपऱ्यातून टाळ. मग चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, हरवलं-सापडलं पुकारलं जातं आणि मगच आरती. तक्रार बाकी असताना आरती नाही! किती सुंदर रिवाज आहे हा.

मला मात्र वाटतं, चोखोबांच्या घरचे अभंग म्हणजे असाच न थांबलेला टाळ होता. सातशे वर्षं वाजत होता, आणि आरती उरकली जात होती.

इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या त्यावरचा 'वाटचाल' हा लेख पुष्कळांनी वाचला असेल. 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे तो, १९४९ चं पुस्तक. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक नवीच व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. हे वाक्य सगळे सांगतात. पण त्याच लेखात त्यांना खुपलेली गोष्ट कमी जण सांगतात. एकाच दिंडीत चालणारी, एकच अभंग गाणारी माणसं जेवायला मात्र जातवार वेगळी बसत होती, आणि बाईंना ते सोसत नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आजीचे ते तीन दगड अवघ्या काही वर्षांनंतरचे. म्हणजे तो एकट्या आजीचा करंटेपणा नव्हता. वारीचीच ती रीत होती.

आणि हे कधी, तर साने गुरुजींच्या उपोषणानंतरही. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, आणि १ मे १९४७ ला पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मे रोजी उपोषण सुटलं आणि पुढं देऊळ उघडलं. चोखोबांच्या मृत्यूला तोवर सहाशे नऊ वर्षं झाली होती. देव काही जास्तीचा दिसायला लागला नाही, पण दार उघडलं. चूल मात्र उघडायची राहिली. दार उघडायला उपोषण लागलं, चुलीसाठी कोण बसणार?

काहींना वाट पाहणं परवडण्यासारखं नव्हतं. रमाबाई आंबेडकरांना पंढरपूरला जायची फार ओढ होती. बाबासाहेबांनी त्यांची समजूत काढली ती अशी, की जे पंढरपूर भक्ताला देवाजवळ येऊ देत नाही ते काय करायचं, आपण आपल्या लोकांसाठी दुसरी पंढरी उभी करू. १९३५ साली रमाबाई गेल्या, देऊळ उघडण्याच्या बारा वर्षं आधी. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली. माझ्या आजीनं भाकरी नको म्हटली तो आषाढही १९५६ चाच. या दोन तारखा मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. परवा कागदावर टिपणं काढताना त्या एकाखाली एक आल्या आणि पुढचं लिहायला दोन दिवस गेले.

आता काल्याबद्दल. आषाढी एकादशी ही आपल्याला वारीची अखेर वाटते, पण खरी अखेर पौर्णिमेला, गोपाळपूरच्या काल्यानं. जनाबाईचं जातं दाखवतात ते हेच गोपाळपूर. लाह्या, दही असं सगळं एकत्र कालवायचं आणि एकमेकांच्या तोंडात घालायचं. कृष्णानं गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कुणाची कुठली ते ओळखू येईना, त्याची ही आठवण. काला खाल्ला की वारी पुरी झाली, माणसं घराकडे वळतात. सगळ्या तीर्थयात्रेचं सार एका घासात आणून ठेवलंय. देव भेटला का, याचा पुरावा काय, तर शेजारच्याच्या हातचा घास.

आजीनं त्या वर्षी काला खाल्ला होता. कुणा अनोळखी बुवांनी तोंडात घातला, तिनं आणि सासूबाईंनीही बिनबोभाट खाल्ला. कारण तो प्रसाद. प्रसादाला विटाळ नसतो. आजीच हे सांगायची आणि वर म्हणायची, "काला चालला, भाकरी नाही चालली. चार दिवसांत काय गं बदललं?" माझ्या मते सगळं इथंच आहे. वर्षातून एक घास आम्ही प्रसाद म्हणून बाजूला काढला आणि उरलेल्या वर्षभराच्या भाकरीला सोवळ्यात ठेवलं. काल्यानं शिकवलेलं काल्यापुरतंच ठेवलं.

पुढं सासूबाई गेल्या आणि आजीनं दगड मांडणं सोडून दिलं. दिंडीच्या पंगतीत बसायला लागली. घरात त्यावरून बोलणी खाल्ली, आजोबांनी काही दिवस अबोला धरला. अकरा वाऱ्या केल्या तिनं. दर वारीला तोंडले-बोंडलेच्या विसाव्यावर ती तुळशीवाल्या बायकांच्या तोंडाकडे बघत बसायची. दर वेळी कुणाची ना कुणाची भाकरी मागून खायची. ती बाई काही भेटली नाही.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, २०२१ मध्येही तसंच. आम्ही घरी टीव्हीवर पाहिलं. पादुका वेळेवर पोचल्या, विधी यथासांग झाले, काही राहिलं नाही. आणि तरी आई डोळे पुसत होती. म्हणाली, "देव पोचला गं, माणसं राहिली." तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की वारीत जे मिळतं ते पंढरपुरात ठेवलेलं नाही. ते वाटेवर, अनोळखी माणसांच्या सोबतीत तयार होतं. आणि म्हणूनच ती सोबत अर्धवट असेल तर तो आनंदही तेवढाच अर्धवट.

२०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली आणि मी ठरवून एक दिवस चालले, सासवड ते जेजुरी. दुपारी यमाई शिवरीला विसावा. पाय भरून आले होते, एका ट्रकच्या सावलीत टेकले. शेजारी परभणीकडच्या तीन-चार बायका. एकीनं फडकं सोडलं, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी बघतेय हे तिनं पाहिलं.

"आडनाव काय बाई तुमचं?"

सांगितलं. ती थोडी थांबली. मग म्हणाली, "आमच्या हातचं चालतं का?"

मी पटकन "चालतं की" म्हणून गेले आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचाच राग आला. चालतं म्हणजे काय? परवानगी देणारी मी कोण? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पंढरपूरच्या देवळातले पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क संपले, इतर जातींतले पुजारी नेमले गेले, बायकांकडूनही अर्ज मागवले गेले. आणि इथं, २०२२ मध्ये, रस्त्याच्या कडेला, देणाऱ्या बाईला अजून आधी विचारून घ्यावं लागतंय. तिनं हा प्रश्न उगाच विचारला नसणार. कधीतरी कुणीतरी तिला 'नको' म्हटलेलं असणार.

मी म्हटलं, "द्या हो, भूक लागलीये." तिनं भाकरी मोडली, मोठा तुकडा मला दिला. चटणी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या सगळ्या खो खो हसल्या. ते सगळं पाणी चटणीचं नव्हतं, पण तसं समजल्या ते बरं झालं.

मग उठताना तिनंच हात पुढं केले. फुगडीसाठी. माझे गुडघे, माझं वजन, वर उन्हाचा तडाखा! चार गिरक्यांत दम लागला. पण निघताना मी आठवणीनं नाव विचारलं. नाव, गाव, दिंडी, सगळं. तिनंही माझं विचारलं. ते इथं लिहीत नाही, ते आमच्या दोघींत राहू दे.

आजीचं देणं फिटलं वगैरे मी म्हणणार नाही. एका भाकरीनं ते फिटणारं नव्हे, आणि ती भाकरी देण्याची वेळही पुन्हा त्याच बाजूवर आली होती, माझ्यावर नाही. एवढंच कळलं की काला पौर्णिमेपर्यंत थांबवून ठेवायची गरज नसते.

असो. लिहिलं बाई एकदाचं. मावशी, काही चुकलं असेल तर सांग. त्या रात्रीच्या दोन भाकरी ज्वारीच्या की बाजरीच्या, यावर तुझं आणि आईचं एकमत अजून झालेलं नाही, म्हणून ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही.